मातीचं पाखरू

आमच्या घरी बारा बोअरची एकनळी बंदूक होती. अब्बांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता. उमरखेडहून पैनगंगेकडं जाताना आमचं शेत लागतं, आणि त्या पट्ट्यात रानडुकरांनी कुणाची ज्वारी सोडलेली नाही. अब्बा तरुणपणी तितरं मारायचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली. मी तेव्हा लहान होतो. मला आठवते ती बंदूक रात्री हवेत बार काढणारी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत घरी यायची. आमची अम्मी म्हणायची, घरातल्या माणसांपेक्षा हिच्याच सरकारी फेऱ्या जास्त.

अब्बांचं एक वाक्य मात्र डोक्यात राहिलं. उडत्या पाखराबद्दल ते सांगायचे, "बेटा, पाखरू आहे तिथं नेम धरशील तर हवाच मारशील. ते जाणार आहे तिथं बार पोचला पाहिजे." पुढं कित्येक वर्षांनी मी स्कीट नावाचा खेळ टीव्हीवर पाहिला आणि अब्बांचं सगळं शास्त्र त्यात सापडलं. फक्त पाखरू मातीचं होतं.

मातीचं म्हणायचं इतकंच. ती तबकडी असते डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडी यांची, अकरा सेंटिमीटर व्यासाची, जेमतेम १०५ ग्रॅम वजनाची. मैदानाच्या दोन टोकांना दोन घरं, डावीकडचं उंच, उजवीकडचं बुटकं. दोन्हींतून यंत्रं तबकड्या भिरकावतात. अर्धवर्तुळावर आठ जागा आखलेल्या असतात. नेमबाजानं एकेका जागेवर उभं राहत जायचं आणि एका फेरीत २५ तबकड्या फोडायच्या. कधी एक येते, कधी दोन्ही घरांतून एकदम दोन. ऑलिम्पिकच्या पद्धतीत तबकडी दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. नेमबाज आवाज देतो, आणि तबकडी लगेच येईल किंवा तीन सेकंदांच्या आत केव्हाही येईल. अशा पाच फेऱ्या म्हणजे १२५ तबकड्या. मोठ्या स्पर्धेत त्यातल्या चार-पाच चुकल्या तरी माणूस घरी जातो.

हा खेळ जन्मला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी, १९२० च्या सुमारास. चार्ल्स डेव्हिस नावाच्या शिकाऱ्याला हंगाम नसताना सराव करायचा होता. त्यानं जमिनीवर घड्याळासारखं वर्तुळ आखलं आणि बारा आकड्यांवरून बार काढायला सुरुवात केली. सगळं छान चाललं होतं. मग शेजाऱ्यानं कोंबड्या पाळल्या! छर्रे खुराड्यावर पडू लागले. १९२३ मध्ये वर्तुळाचा निम्मा भाग सोडून द्यावा लागला आणि तबकड्या दोन्ही बाजूंनी फेकायची युक्ती निघाली. आज ऑलिम्पिकमध्ये जे अर्धवर्तुळ दिसतं, ते त्या कोंबड्यांच्या कृपेनं. पुढं डेव्हिसचा सोबती विल्यम फॉस्टर यानं हा खेळ मासिकातून लोकांपुढं आणला. १९२६ साली नावासाठी शंभर डॉलरचं बक्षीस लावलं आणि माँटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी सुचवलेलं 'स्कीट' हे नाव निवडलं गेलं. नेम मारणे अशा अर्थाच्या एका जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून ते घेतलं होतं.

त्याआधीची गोष्ट इतकी गोड नाही. एकेकाळी स्पर्धेत जिवंत कबुतरं सोडून मारत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही ते झालं. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीनं १८८० मध्ये मातीची तबकडी बनवली आणि हळूहळू कबुतरं सुटली. तबकडीला इंग्रजीत अजून 'मातीचं कबूतर'च म्हणतात. आम्हा शायर मंडळींनी कबुतराकडून पत्रं पोचवून घेतली, त्याच्यावर शेर रचले, पण त्याचा जीव वाचवला तो एका कारागिरानं.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडं येतो. अमेरिकेत स्कीटच्या स्पर्धा सगळ्यांच्या एकत्र होत नाहीत. प्रत्येक नेमबाजाची सरासरी काढतात आणि त्याप्रमाणं वर्ग पाडतात. नवखा नवख्यांशी, मुरलेला मुरलेल्यांशी. प्रत्येक वर्गात वेगळा विजेता. जिंकत गेलात की वरच्या वर्गात ढकलले जाता. यातही लबाडी असतेच. खालच्या वर्गातलं बक्षीस सुटू नये म्हणून काहीजण मुद्दाम तबकड्या चुकवतात. पण एकंदर कल्पना चांगली. पहिल्याच दिवशी उस्तादासमोर उभं केलं तर पोरगा दुसऱ्या दिवशी यायचा नाही. आमच्याकडच्या शंकरपटात बैलजोड्यांचे गट पडतात ते याचसाठी. मुशायऱ्यातही नवशिके आधी वाचतात आणि बुजुर्ग शेवटी.

गट म्हणजे पायरी असेल तर उत्तम. तिची भिंत होते तेव्हा काय होतं, हे मी थोडंफार भोगलं आहे. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि माझ्यासारख्या लिहू पाहणाऱ्या पोरांना वाटलं, चला, उभं राहायला जागा झाली. ती पायरी होती. पुढं एका मोठ्या कविसंमेलनात आयोजकांनी माझं नाव ईदनिमित्तच्या खास सत्रात टाकलं. मी पाऊस आणि कापसाच्या कविता घेऊन गेलो होतो. "मुख्य सत्र भरलंय, तुमच्यासाठी हे आहे ना," म्हणाले. मी वाचलं आणि रात्रीच्या एसटीनं परत आलो.

स्कीटमध्ये याहून मोठी गोष्ट घडली आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत या प्रकारात स्त्रिया आणि पुरुष एकत्र उतरत. त्या वर्षी चीनच्या झांग शान या तरुणीनं सगळ्या पुरुषांना मागं टाकून सुवर्णपदक घेतलं. २२५ पैकी २२३. पुढच्या ऑलिम्पिकला, १९९६ मध्ये अटलांटाला, स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवलं गेलं. स्त्रियांचा वेगळा गट नव्हताच, तेव्हा विजेतीला आपलं पदक राखायची संधीसुद्धा नाही. स्त्रियांचं स्कीट आलं ते २००० साली, सिडनीत.

आपल्याकडची पहिली भिंत कायद्याची होती. १८७८ च्या हत्यार कायद्यानं हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट. गांधीजींनी या कायद्यावर कडक टीका केली होती, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते.

आणि त्या गांधीजींचाच एक अनुयायी स्वतंत्र भारतातल्या नेमबाजी संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. गणेश वासुदेव मावळंकर. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं, मावळंगे गावचं. जन्म बडोद्याचा, १८८८ चा. वकिली अहमदाबादची. खेडा सत्याग्रहापासून चळवळीत, अनेकदा तुरुंगात. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या माणुसकीवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिलं. आपण त्यांना ओळखतो ते पहिल्या लोकसभेचे सभापती म्हणून. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिची धुरा या खादीधारी मराठी माणसाकडं आली. मला यात विसंगती वाटत नाही. ज्यानं आयुष्यभर सभागृहात प्रत्येकाला बोलायची पाळी मिळावी म्हणून घंटा वाजवली, त्यानं मैदानावरही पाळी लावून दिली असं मी समजतो. १९५६ मध्ये ते गेले.

त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा ही आपल्या नेमबाजीची मधली पायरी आहे. खाली राज्यपातळी, वर राष्ट्रीय स्पर्धा. मावळंकर स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवले की राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा उघडतो. कुणाचा मुलगा, कुठल्या संस्थानचा, हे विचारायची सोय त्यात नाही. शॉटगनची नेमबाजी आपल्याकडं बराच काळ राजेरजवाड्यांची होती, हे लक्षात घेतलं तर या पायरीची किंमत कळते. बिकानेरचे महाराजा करणीसिंग पाच ऑलिम्पिक खेळले आणि १९६२ मध्ये ट्रॅप प्रकारात जागतिक रौप्यपदक घेऊन आले. दिल्लीच्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचं नाव आहे. मोठा नेमबाज, शंका नाही. पण तो राजवाड्यातूनच मैदानात आला होता.

मग सामान्य घरांतून कोण आलं? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर रायफल-पिस्तुलवाले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य घेतलं. स्कीटची गोष्ट वेगळी. छर्ऱ्याची एअर रायफल दहा मीटरच्या खोलीत चालते. स्कीटला माळरान लागतं, दुनळी बंदूक लागते, आणि प्रत्येक तबकडीमागं एक काडतूस जातं. एका दिवसाच्या सरावात शंभर काडतुसं सहज उडतात. ही भिंत कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. तिला मावळंकरांचं नाव लावूनही भोक पडत नाही.

तरीही माणसं चढतात. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे मैराज अहमद खान स्कीटमध्ये ऑलिम्पिकचा कोटा मिळवणारे पहिले भारतीय. २०१६ मध्ये रिओला त्यांनी १२५ पैकी १२१ तबकड्या फोडल्या आणि बरोबरीनंतरच्या जादा नेमात ते मागं पडले. सहा वर्षांनी, २०२२ च्या जुलैत, कोरियातल्या चांगवॉनला त्यांनी विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत ४० पैकी ३७. वय ४६. त्याहून मला आवडणारा आकडा हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला आहे. २०२३ मध्ये तिथं आपल्या अनंतजीतसिंग नरुकानं ६० पैकी ५८ फोडल्या आणि तरी रौप्यावर थांबला. कारण कुवेतच्या अब्दुल्ला अल रशिदी यांनी साठच्या साठ फोडल्या होत्या. त्यांचं वयही साठच होतं.

पॅरिसला २०२४ मध्ये नरुका आणि महेश्वरी चौहान यांचं मिश्र स्कीटचं कांस्य चीनविरुद्ध एका तबकडीनं हुकलं, ४४ विरुद्ध ४३. ते मी घरच्यांबरोबर टीव्हीवर पाहिलं. माझी भाची शेजारी बसली होती. हैदराबादला नोकरी करते ती. सामना संपल्यावर म्हणाली, "मामू, नाना की बंदूक किधर है?" बंदूक अब्बांच्या मागं आम्ही रीतसर जमा करून टाकली होती. परवाना पुढं चालवायचा तर कागद फार, आणि डुकरं हल्ली बाराला भीतही नाहीत.

तिला मी नानांचं ते वाक्य तेवढं दिलं.

मागच्या हिवाळ्यात तिनं हैदराबादच्या रेंजवर नवशिक्यांच्या एका छोट्या स्पर्धेत क्लबची बंदूक घेऊन भाग घेतला. काडतुसांसाठी दोन महिन्यांच्या पगारातून पैसे बाजूला काढले होते. संध्याकाळी फोन आला. "मामू, पच्चीस में ग्यारह." मी विचारलं, कितवी आलीस? म्हणाली, खालून तिसरी. उंच घराच्या तबकड्या सापडतात, बुटक्या घराच्या हातातून जातात. पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धा आहे, त्याच गटात.