बोईसर ते तारापूर : ज्ञान कुणाच्या नावावर?

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनवर रोज सकाळी उतरणाऱ्या गर्दीत रसायनशास्त्र शिकलेली कितीतरी मुले-मुली असतात. स्टेशनच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसी आहे आणि त्यापलीकडे समुद्राच्या काठावर अणुवीज केंद्र. कारखान्यांत काय बनते, केंद्रात काय चालते, हे परिसराला साधारण ठाऊक असते. पण हे सारे इथे बनवण्याचा हक्क आपल्याला कसा मिळाला, याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आज विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलांनी तो समजून घ्यायला हवा, कारण प्रश्न त्यांच्या नावाचा आणि हक्काचा आहे.

१९७०चा कायदा

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे इंग्रजांचा १९११चा पेटंट कायदा चालू होता. औषधाचा रेणू एकदा कंपनीच्या नावावर झाला की तो दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने बनवण्याची इतरांना मनाई. बहुतेक पेटंट परदेशी कंपन्यांकडे होती आणि त्यांपैकी फारच थोडी इथे प्रत्यक्ष उत्पादनात उतरत. गरीब देश असूनही औषधे महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात या दुखण्यावर नेमके बोट ठेवले.

या लढ्यात मुंबईचे एक नाव ठळक आहे. अलीगढमध्ये जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद असहकाराच्या काळात राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले, पुढे बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३५मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला सुरू केली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद केंब्रिजहून शिकून परतले. त्यांनी व इतर देशी औषधनिर्मात्यांनी कायदा बदलावा म्हणून सतत पाठपुरावा केला. अखेर १९७०चा पेटंट कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२पासून लागू झाला.

या कायद्याने औषधाच्या रेणूवरची मालकी काढून घेतली. पेटंट मिळणार ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला, आणि औषधांसाठी तेही जास्तीत जास्त सात वर्षे. म्हणजे तेच औषध तुम्ही वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवू शकत असाल, तर तुम्हाला कुणी अडवू शकत नव्हते. एका रात्रीत प्रक्रियेच्या रसायनशास्त्राला मोल आले. कोणता कच्चा माल घ्यायचा, किती तापमान ठेवायचे, कोणता टप्पा गाळायचा, हे ज्याला कळते तो उद्योग उभारू लागला. तारापूर एमआयडीसी याच दशकात वाढली. लुपिन, आरती ड्रग्ज यांसारख्या कंपन्यांचे बल्क ड्रगचे कारखाने इथे आले. कायद्याने उघडलेल्या त्या दारातून हजारो घरांत पगार आला. त्याची किंमत तारापूरच्या नाल्यांनी आणि खाडीने प्रदूषणात मोजली, हेही सांगायला हवे.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांची जोडी कशी जमते, याचे उदाहरण झिडोव्हुडिनचे आहे. एड्सवरच्या या औषधाची देशी प्रक्रिया हैदराबादच्या सरकारी रसायन तंत्रज्ञान संस्थेत ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने तयार केली आणि सिप्लाने ते बाजारात आणले. पुढे २००१मध्ये युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता.

जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५पासून औषधाच्या रेणूला पुन्हा पेटंट मिळू लागले, मुदत वीस वर्षे. मात्र संसदेने कलम ३(ड) ठेवले : जुन्याच पदार्थाचे रूप बदलून, परिणामकारकता न वाढवता, नवे पेटंट घेता येणार नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधासाठी नोव्हार्टिसने या कलमाशी झुंज दिली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचा दावा फेटाळला.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

अणुवीज केंद्राची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९मध्ये सुरू झाल्या. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला. बाहेरून इंधन मिळवत असतानाच आपल्या शास्त्रज्ञांनी तारापुरातच युरेनियम-प्लुटोनियमचे मिश्र इंधन तयार करून या भट्ट्यांत वापरले. मात्र १९६२च्या अणुऊर्जा कायद्याने अणुऊर्जेशी संबंधित शोधाला पेटंट देण्यास मनाई केली होती. अशा शोधाची माहिती सरकारला द्यावी लागे आणि गुपित राखावे लागे. एकाच रस्त्यावर तेव्हा एकीकडे प्रक्रियेचे पेटंट होते, दुसरीकडे पेटंटच नव्हते.

हळद आणि उर्दू पोथ्या

तिसरा धडा हळदीचा. जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. आजी हळद लावायची, एवढे सांगून भागणार नव्हते. छापील पुरावा हवा होता. बत्तीस संदर्भ सादर झाले, संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतलेही. १९९७मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे उभ्या राहिलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथही नोंदवले गेले. हकिमांनी लिहून ठेवले म्हणून ते ज्ञान आज सर्वांच्या मालकीचे राहू शकते. आपल्या घरांत कपाटावर धूळ खात पडलेल्या नुस्ख्यांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी हे आठवावे.

संशोधक मुलांसाठी

यातून व्यवहाराच्या काही गोष्टी निघतात. पहिली, पेटंट नव्या गोष्टीलाच मिळते. तुम्हीच आधी शोधनिबंध छापला, पोस्टर लावले किंवा इंटरनेटवर टाकले, तर साधारणपणे ते नवेपण संपते. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी कायद्यात बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्यावर विसंबू नये. आधी तात्पुरता अर्ज दाखल करावा. संपूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. म्हणजे पेटंटही जाणार नाही आणि निबंधही अडणार नाही.

दुसरी, प्रबंधाच्या लेखनावर कॉपीराइट आपोआप असतो, पण तो शब्दांचा. त्यातली कल्पना किंवा प्रक्रिया तो राखत नाही. तिसरी, भौगोलिक मानांकन समूहाचे असते. आपल्या जिल्ह्यातली वारली चित्रकला आणि डहाणू-घोलवडचा चिकू यांना ते मिळाले आहे. चौथी, देशातल्या वनस्पती किंवा जीवाणूंवर आधारलेल्या शोधाच्या पेटंटसाठी जैवविविधता कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नावाची. संशोधक म्हणून नाव आणि मालक म्हणून नाव, या दोन वेगळ्या बाबी आहेत. मालकी बहुधा नेमणूकपत्रावर किंवा विद्यापीठाच्या धोरणावर ठरते, म्हणून सही करण्यापूर्वी ते कलम वाचा. पण ज्याच्या डोक्यातून शोध निघाला त्याचे नाव संशोधक म्हणून पेटंटवर नोंदवून घेण्याचा हक्क कायदा देतो. गाईडने किंवा साहेबाने ते गाळले, तर मागा. मागण्यासाठी पुरावा लागतो, आणि तो म्हणजे रोजच्या रोज तारीख घालून, सही करून लिहिलेली लॅब नोटबुक.

बोईसरच्या लोकलमधून येणाऱ्या आपल्या मुलींनी आणि मुलांनी अर्धशतक दुसऱ्यांच्या प्रक्रिया नेटाने चालवल्या, सुधारल्या. त्या सुधारणांतल्या किती त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या, हा प्रश्न आता त्यांनी स्वतः विचारायला हवा.