एकच जॉब, तीन व्यास

सीएमएमवर तोच जॉब तीनदा मोजला आणि व्यास तीन वेगळे आले, की पहिली शंका यंत्रावर जाते. सर्व्हिस इंजिनिअर येतो, रिंग गेज मोजून दाखवतो, आकडा चोख येतो, आणि तुम्ही पुन्हा तिथेच. ही अडचण फार जुनी आहे. तिचा इतिहास ठाऊक असला तर कुठे शोधायचं ते लवकर कळतं, म्हणून आज तोच सांगतो.

तापमानाचं आधी उरकून घेऊ. लांबीच्या मोजमापासाठी 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. 100 मिमी व्यासाचा पोलादी जॉब 30 अंशांवर साधारण साडेअकरा मायक्रॉनने फुगलेला असतो. तेव्हा मशीनवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजू नका, एवढं पुरे.

खरी गंमत प्रोबमध्ये आहे. 1972 मध्ये रोल्स-रॉइसमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड मॅकमर्ट्रींसमोर काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाच्या बारीक नळ्या मोजायचा प्रश्न आला. तेव्हाचे प्रोब टणक. नळीला टेकवले की नळीच दबायची. मॅकमर्ट्रींनी टच-ट्रिगर प्रोब बनवला: आत तीन पाय, प्रत्येक पाय दोन आधारांवर स्प्रिंगने दाबून बसवलेला. स्टायलसला स्पर्श झाला की पाय उचलला जातो आणि सिग्नल मिळतो. पुढच्याच वर्षी रेनिशॉ कंपनी सुरू झाली.

पण पाय तीन, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं बळ लागत नाही. एका दिशेने प्रोब पटकन ट्रिगर होतो, दुसऱ्या दिशेने स्टायलस जरा जास्त वाकल्यावर. म्हणून अगदी गोल रिंग गेजही या प्रोबला किंचित तिकोनी दिसतं. यालाच लोबिंग म्हणतात.

आता हे जरा थांबून वाचा. थ्री-जॉ चकमध्ये घट्ट धरून फिरवलेला जॉब बाहेर काढल्यावर स्वतःच तीन उंचवट्यांचा होतो. समजा त्याची त्रिज्या सरासरीच्या वर-खाली 5 मायक्रॉन जाते. मायक्रोमीटर लावा: एका बाजूला उंचवटा, तर बरोबर समोर खळगा. बेरीज सगळीकडे तीच! मायक्रोमीटर शपथेवर सांगेल, जॉब गोल आहे. सीएमएमवर 120 अंशांच्या अंतराने तीन बिंदू घ्या. ते तिन्ही उंचवट्यांवर पडले तर व्यास 10 मायक्रॉन जास्त, तिन्ही खळग्यांत पडले तर 10 कमी. जॉब 60 अंश फिरवून ठेवला, एवढ्यानं 20 मायक्रॉनचा फरक! यात कुणी खोटं बोलत नाहीये. शिवाय तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमी तंतोतंत जातं, त्यामुळे रिपोर्टमध्ये गोलाईतली चूक शून्य दिसते. मला तर हे शून्यच सगळ्यात धोक्याचं वाटतं. 1989 च्या बीएस 7172 या ब्रिटिश मार्गदर्शिकेत वर्तुळासाठी सात बिंदू सुचवले होते, ते उगीच नाही.

बिंदू भरपूर घेतले, तरी त्यांतून व्यास काढतो कोण? सॉफ्टवेअर. 1988 मध्ये वेस्टिंगहाऊसच्या रिचर्ड वॉकर यांनी अमेरिकेच्या सरकार-उद्योग माहिती विनिमय कार्यक्रमातून एक इशारा जाहीर केला. वेगवेगळ्या सीएमएम सॉफ्टवेअरना एकाच बिंदुसंचातून वेगवेगळी उत्तरं मिळत होती. काही गणनपद्धती जॉबच्या आकारातली चूक प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत, तर काही कमी. म्हणजे चांगला माल भंगारात आणि वाईट माल विमानात. खळबळ उडाली. त्यानंतर अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने सॉफ्टवेअरच्या तपासणीची सोय केली: यंत्राला हातच लावायचा नाही, ठरावीक बिंदूंची फाइल सॉफ्टवेअरला द्यायची आणि उत्तर संदर्भ-उत्तराशी ताडून बघायचं. 2001 मध्ये याच कामासाठी आयएसओ 10360-6 हे मानक आलं. तुमच्या लॅबमध्ये निदान एवढं तरी करता येईल: कच्चे बिंदू एक्स्पोर्ट करा आणि पायथनमध्ये स्वतः वर्तुळ बसवून बघा. आकडे जुळले, तर शंका प्रोब, बिंदू आणि जॉबकडे वळवा.

आणि सॉफ्टवेअर बरोबर असलं तरी लीस्ट स्क्वेअरचं वर्तुळ, आत मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ आणि बाहेरून वेढणारं सर्वांत लहान वर्तुळ यांचे व्यास वेगळेच येणार. भोकात पिन जाईल का, हे दुसरं ठरवतं. पण बहुतेक सॉफ्टवेअर काही न सांगता पहिलं देतात. 2010 च्या आयएसओ 14405-1 मध्ये यासाठी ड्रॉइंगवर लिहायच्या खुणा दिल्या: लीस्ट स्क्वेअरला जीजी, आतल्या सर्वांत मोठ्याला जीएक्स, बाहेरच्या सर्वांत लहानाला जीएन. खूण नसेल, तर त्या मानकाप्रमाणे व्यास म्हणजे समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर, म्हणजे मायक्रोमीटर मोजतो तेच. सर्व्हिस इंजिनिअरला पुढचा फोन लावण्याआधी ड्रॉइंग काढा आणि व्यासाच्या आकड्यापुढे यांतलं काय लिहिलंय ते बघा.