नाव बदलले, दप्तरे बदलली का?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. एकच दप्तर विभागले गेले. पुढे १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. विद्यापीठाच्या नावात मात्र गुलबर्गाच राहिले.

आंतरजालाची कथाही काहीशी अशीच आहे. प्रारंभी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले, तशी ती अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार क्षेत्राक्षेत्रांत वाटून देण्याची योजना मांडली. प्रत्येक क्षेत्राचे दप्तर नेमसर्व्हर सांभाळतो, आणि तो कोठे आहे हे वरच्या क्षेत्राने सांगावयाचे असते.

दप्तरात बदल केला की त्याचा अनुक्रमांक वाढवावा लागतो. तो न वाढविल्यास दुय्यम नेमसर्व्हर जुनीच प्रत खरी मानतो. म्हणून जाणता माणूस ‘डिग’ ही आज्ञा टंकून प्रत्येक नेमसर्व्हरला वेगवेगळे विचारतो आणि अनुक्रमांक ताडून पाहतो.

सीमाभागातील पालकांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. मुलाच्या एका दाखल्यावर गुलबर्गा आणि दुसऱ्यावर कलबुर्गी असले, की हेलपाटे त्यांच्याच नशिबी येतात. राजपत्रात नाव एका दिवसात बदलते. ते शेवटच्या दप्तरापर्यंत पोहोचले की नाही, हे मात्र विचारूनच पाहावे लागते.