गादी कुणाची?

चंगीझखान म्हटलं की आपल्याला आठवतात त्या कत्तली. त्या झाल्या, हे खरंच. पण मला कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढं अफाट साम्राज्य उभं राहिलं कसं आणि इतक्या लवकर फुटलं का?

इ. स. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठी टोळ्यांची सभा भरली. तिला कुरुलताई म्हणत. तिथे तेमुजीन चंगीझखान झाला. त्यानं टोळ्या मोडून दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी फौज बांधली. निष्ठा आणि कर्तबगारी पाहून सरदार नेमले. त्याचा मुलगा ओगताई यानं ताज्या घोड्यांच्या डाकचौक्यांची व्यवस्था लावून दिली.

गादीवर कोण बसणार, याचा मात्र पक्का नियम नव्हता. खान गेला की भाऊबंदकी सुरू! १२५८ मध्ये बगदाद जिंकणारा हुलागू पुढे सीरियात शिरला. तेवढ्यात भाऊ मंगूखान वारल्याची वार्ता आली. बरीचशी फौज घेऊन तो मागे फिरला. उरलेल्या तुकडीला १२६० मध्ये ऐन जालूत इथे मामलुकांनी हरवलं. त्याच वर्षी कुबलाई आणि अरिकबुका हे सख्खे भाऊ गादीसाठी लढू लागले. चार वर्षांनी कुबलाई जिंकला, पण एका साम्राज्याची चार राज्यं झाली ती कायमचीच.

१३३५ मध्ये इराणचा अबू सईद मुलगा मागे न ठेवता वारला आणि ते राज्य मोडलं. १३६८ मध्ये बंडखोरांनी मंगोलांना चीनच्या राजधानीतून हुसकावलं. त्याआधी तिथेही गादीवरून भांडणं झालीच होती. जग जिंकणाऱ्यांना घरातली वाटणी काही जमली नाही, असंच मला वाटतं.