जिन आणि इंजिन

यवतमाळ, वणी, पांढरकवड्याकडे वेचलेला कापूस 'जिनात' जातो. हा जिन दिव्यातला नव्हे, तो अरबी. घोड्याच्या पाठीवरचं जीनही नव्हे, ते फारसी. कापसाचा जिन म्हणजे 'इंजिन'च, पुढचा 'इं' गळलेलं. मूळ लॅटिन शब्द 'इंजेनियम', अर्थात उपजत बुद्धी, कल्पकता. कल्पकतेने रचलेलं साधन ते इंजिन. इंजिनिअरही याच घरातला. आणखी मागे गेलं तर या घराण्याचा धातू आपल्या 'जन्'चा सख्खा भाऊ निघतो, म्हणून 'जनक' आणि 'जिनिंग' दूरचे का होईना, नातलगच! मला ही सोयरीक फार आवडते.

अमेरिकेत ईलाय व्हिटनीला दातेरी जिनचं पेटंट १७९४ साली मिळालं. आपल्याकडे मात्र रुजला तो रुळाचा जिन. चामड्याचा खडबडीत रूळ तंतू चिकटवून ओढतो, त्याला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि खालीवर हलणारी दुसरी सुरी तिला ठोकून मोकळी करते. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. हे तत्त्व १८४० च्या मॅकार्थीच्या पेटंटातलं.

या मुलखातला कापूस वाहून न्यायला यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद रुळांची 'शकुंतला' रेल्वे आली. जिनातून निघालेल्या रुईच्या गाठी इंजिन ओढू लागलं. एकाच शब्दाची दोन रूपं एकाच मालावर राबत होती. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये थांबलं आणि त्या जागी डिझेलचं आलं.