दवंडीपासून जाहीर सूचनेपर्यंत : लिलावात निघालेल्या घराचा इतिहास

मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘लेइलांव’ या शब्दामागे ‘जाहीर करणे’ या अर्थाचा अरबी शब्द उभा आहे. आमच्या मराठवाड्यात जुन्या माणसांच्या तोंडी ‘हर्रास’ हा शब्द ऐकू येतो. तोही मूळचा अरबीच; दख्खनी उर्दूच्या वाटेने तो आपल्याकडे रुळला. लिलावात जी किंमत पुकारली जाते तिला आपण ‘बोली’ म्हणतो, आणि भाषेलाही ‘बोली’च म्हणतो. म्हणजे शब्दांच्या साक्षीने पाहिले तर लिलाव हा प्रथम उच्चाराचा व्यवहार आहे. कोणीतरी मोठ्याने पुकारतो, कोणीतरी ऐकून बोली लावतो. परंतु कर्जापोटी जप्त झालेल्या घराच्या लिलावात आणखी एक माणूस असतो. तो पुकारत नाही, बोलीही लावत नाही. तो त्या घराचा मालक. त्याच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या वतीने कायदाच त्याची मिळकत विकीत असतो. या मौन माणसाला शेवटपर्यंत किती वेळ द्यावयाचा, आणि जो खरेदीदार पैसे मोजतो त्याला किती निश्चिंती द्यावयाची, या दोन प्रश्नांच्या ओढाताणीतून आपल्याकडील लिलावाचा कायदा घडत गेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या ओढाताणीचा मागोवा घेऊ इच्छितो.

आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून करावा लागतो. १८५९ साली इंग्रजी अमलात दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता आली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. नाही लिहून दिला तर दावा. लिहिता-वाचता न येणारा कुणबी कोर्टाच्या तारखेला पुष्कळदा हजरच नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. मग जप्ती, आणि जप्तीनंतर लिलाव. गावात रोख रक्कम बाळगणारा माणूस बहुधा सावकारच असल्यामुळे लिलावात बोली लावणाराही तोच. धनको, फिर्यादी आणि खरेदीदार या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे आल्यावर किंमत कोण ठरविणार? लिलावाचे सारे सोपस्कार पार पडत. स्पर्धा तेवढी नसे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या आधारे एका देशमुखाचे घर ताब्यात घेऊन ते पाडण्याचा घाट घातला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, दंगलीस तोंड फुटले आणि ती पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. या दंगलीचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर अधिक होता. रोखे, खाती आणि हुकूमनामे मागून घेऊन जाळले गेले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याने आपले घर कोणत्या अक्षरांनी नेले हे अचूक ओळखले होते. साहित्याच्या अभ्यासकांनी १८७५ च्या दंग्यांकडे लिखित शब्दाविरुद्धचा उठाव म्हणूनही पाहावयास हवे, असे आम्हांस वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा जन्मास आला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. जी जमीन त्या विशिष्ट कर्जासाठी गहाण दिलेली नाही, तिची जप्ती व विक्री करता येणार नाही, असे ठरले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता, मुळापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी निर्माण केलेल्या विशेष न्यायाधीशाच्या पदावर काम केले होते. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. कर्ज, कोर्टकचेरी आणि अविद्या यांच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी त्यात येतो, तो याच काळातला. एकाच दुखण्याकडे एक जण न्यायासनावरून पाहत होता, दुसरा बांधावरून. दोघांना एकत्र वाचले तर त्या काळाचे चित्र पुरे होते.

मात्र कायद्याने एक दार लावले की व्यवहार दुसरे शोधतो. लिलाव अवघड झाला तेव्हा सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कर्ज फेडल्यास जमीन परत देण्याची बोली फक्त तोंडी असे. कागदावर विक्री, मनात गहाण. या पळवाटेचे आयुष्य फार मोठे ठरले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने अशा व्यवहाराची चौकशी करून बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला, यावरून ती आजही बुजलेली नाही हे ध्यानात येते.

आमचा मराठवाडा या कथेत थोडा बाजूला होता. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. गोदावरीच्या पलीकडे नेवाशाच्या शेतकऱ्याला १८७९ च्या कायद्याचे कवच होते. अलीकडे गंगापूरच्या शेतकऱ्याला नव्हते. नदी तीच, दुष्काळ तेच, परंतु घर जाण्याची रीत दोन तीरांवर वेगवेगळी. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये संस्थानात केलेल्या आर्थिक पाहणीत औरंगाबाद जिल्ह्याचाही समावेश होता. पुढे संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये १९०८ ची भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता या भागास लागू झाली. दोन तीरांचा लिलाव तेव्हापासून एका नियमाखाली आला.

ही १९०८ ची संहिता आम्हांस तोलाच्या दृष्टीने विशेष वाचनीय वाटते. तिच्या एकविसाव्या आदेशात मिळकतीजवळ दवंडी पिटून, किंवा तेथील रूढ रीतीने, जप्ती व विक्री जाहीर करावी असे सांगितले आहे. ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला तो धनको न्यायालयाच्या परवानगीवाचून बोली लावू शकत नाही. सुप्याच्या काळातील तिहेरी भूमिकेला घातलेला हा लगाम होय. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने पंचवीस टक्के रक्कम तत्काळ आणि उरलेली पंधरा दिवसांत भरावयाची. विक्री झाल्यावरही मालकाला एक संधी उरते. साठ दिवसांच्या आत घोषणेत नमूद केलेली देय रक्कम भरली, आणि खरेदीदाराला त्याच्या किमतीच्या पाच टक्के भरपाई दिली, तर मिळकत परत मिळू शकते. घर मालकाला मिळते, धनकोला पैसे, आणि रिकाम्या हाती परतणाऱ्या खरेदीदाराला हळहळीचे मोल. काय जप्त करता येणार नाही, याचीही यादी संहितेत आहे : अंगावरची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्मरूढीनुसार स्त्रीला ज्यांचा त्याग करता येत नाही ते दागिने, शेतकऱ्याचे राहते घर. कायद्याच्या रूक्ष गद्यात संसाराची अशी यादी क्वचितच आढळते.

या तोलाला वेळ फार लागे. न्यायालयांतून वर्षानुवर्षे रेंगाळणारी वसुली हा बँकांचा तक्रारीचा विषय झाला आणि २००२ मध्ये सरफेसी कायदा आला. त्याने तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकेला दिला. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग साठ दिवसांची मागणी नोटीस. कर्जदाराने आक्षेप लेखी कळविल्यास बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यावयाचे. त्यानंतर ताबा, गरज पडल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या मदतीने. ताब्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. असे एक न्यायाधिकरण आमच्या शहरातही आहे. मूळ कायद्यात दाद मागण्यापूर्वी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती; ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात रद्द केली. शेतजमिनीवरचे तारण या कायद्याच्या बाहेर ठेवले आहे. त्यात १८७९ ची आठवण कुठेतरी शिल्लक असावी. मात्र सहकारी संस्थांची थकबाकी १९६० च्या सहकार कायद्याखाली वसूल होते आणि तेथे शेतजमिनीचाही लिलाव होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही.

मालकाला माहीत नसणारे काही हक्कही याच व्यवस्थेत आहेत. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत ठरवून घ्यावी लागते. राखीव किमतीहून अधिक बोली आली नाही, तर कर्जदाराच्या संमतीखेरीज मिळकत विकता येत नाही. कर्ज व खर्च वजा जाता काही उरले तर ते मालकाचे. उलट, विक्रीतून कर्ज फिटले नाही तर उरलेल्या रकमेची जबाबदारी त्याच्याच माथी राहते. घर गेले म्हणजे देणे संपले, हा समज खरा नाही.

खरेदीदाराची बाजूही सोपी नाही. लिलावात घर स्वस्त मिळते असे सर्वत्र बोलले जाते, पण त्या स्वस्ताईत जोखमीचे मोल आधीच वजा झालेले असते. सूचनेत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा, की थकलेला मालमत्ता कर, गृहसंस्थेची थकबाकी, घरात राहणारा भाडेकरू, यांचा शोध खरेदीदाराने स्वतः घ्यावयाचा. आधीच्या मालकाची वीजथकबाकी, नियमांत तशी तरतूद असल्यास, लिलावातील खरेदीदाराकडून वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’, या एका विशेषणावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. सांकेतिक ताब्याचे घर घेणारा कागद विकत घेतो. आत माणसे राहतच असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्ज फेडून मिळकत सोडविण्याचा मालकाचा हक्क कोठवर टिकतो? सरफेसी कायद्यात हा हक्क पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत होता. २०१६ च्या दुरुस्तीने ती रेषा मागे सरकली. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच रक्कम भरून मिळकत सोडविता येते, आणि २०२३ मध्ये बाफना मोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. यामागचा युक्तिवाद दुबळा नाही. पैसे भरल्यावरही व्यवहार मोडेल अशी भीती असेल, तर शहाणा माणूस बोलीच लावणार नाही, किंवा अगदी कमी लावील. आणि कमी बोलीचा तोटा शेवटी मालकालाच. सुप्याच्या काळात लिलावाला एकच बोलीदार असे, म्हणून घरे मातीमोल जात. खरेदीदाराची निश्चिंती ही काही अंशी मालकाचीही मालमत्ता आहे, हे मान्य करावे लागते.

तरीही यात एक गोष्ट उलटी झाली आहे. दवंडी ही मूळची शेवटची हाक. ती ऐकून मालकाने धावपळ करावी, भाऊबंदांकडून उसनवार करावी, असा तिचा अर्थ होता. आज जाहीर सूचना छापून आली, की मालकाचे दार बंद होते. हाकेचाच निकाल झाला आहे. अशा स्थितीत खरी हाक म्हणजे आधीची साठ दिवसांची नोटीस आणि विक्रीपूर्वीची तीस दिवसांची सूचना. ती बहुधा बँकेच्या साच्यातल्या इंग्रजीत घरी येते. दोन वृत्तपत्रांपैकी एक स्थानिक भाषेचे असावे असा नियम आहे, परंतु त्या वृत्तपत्रातले मराठी तरी कसे असते? ‘निम्नस्वाक्षरीकार’, ‘प्रतिभूत धनको’, ‘सांकेतिक कब्जा’. लिपी देवनागरी, वाक्यरचना इंग्रजी, आणि वाक्य एवढे लांब की कर्ता सापडेपर्यंत कर्ज विसरावे. उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही अशा सूचना विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आहेत. मराठीची पदवी घेऊ पाहणाऱ्यांनाही ‘मला नेमके काय आणि कधीपर्यंत करता येईल’ एवढे त्यांतून सहजी काढता येत नाही.

१८७५ मध्ये न वाचता येणाऱ्या कागदाने घरे नेली. आज साक्षर माणसाचे घरही न समजणाऱ्या कागदाने जाऊ शकते. कायद्याने स्थानिक भाषेचा आग्रह धरला तो शोभेसाठी नव्हे. जाहीर करणे म्हणजे कळविणे, हा ‘लिलाव’ शब्दाच्या मुळातलाच अर्थ त्यामागे आहे. या सूचना सरळ मराठीत कशा लिहाव्यात, हे काम केवळ बँकांच्या अनुवादकांवर सोडण्याजोगे नाही. भाषाविभागांनी व मराठीच्या अध्यापकांनी ते आपले मानले, तर आरंभीच्या साठ दिवसांत एखाद्या घराला जी हाक ऐकू यावयास हवी, ती निदान त्याच्या भाषेत ऐकू येईल.