रिटर्नची तारीख चुकली तर देणगीवरची सूटही हातची जाते

जुलै महिना शेतात खुरपणी-कोळपणीचा. त्याच वेळी झेडपी शाळेतले गुरुजी, एसटीतले कर्मचारी, पेन्शनदार यांच्यामागे इन्कम टॅक्स रिटर्नचं काम लागतं. त्यांच्यासाठी शेवटची तारीख सहसा ३१ जुलै. काही वर्षी सरकार मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर बसू नये.

उशीर झाला तर करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये आणि त्यापुढे ५,००० रुपये लेट फी लागते. कर बाकी असेल तर महिन्याला एक टक्का व्याज वेगळं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मोठा फटका मात्र दुसरीकडेच बसतो.

सध्या नवी करप्रणाली आपोआप लागू होते. देणगीवरची ‘८०जी’ची सूट फक्त जुन्या प्रणालीत आहे, आणि पगारदाराला जुनी प्रणाली निवडायची तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. तारीख गेली की पावत्यांची फाईल घरात असूनही उपयोग नाही.

सूट म्हणजे दिलेले पैसे परत मिळतात, असाही एक गैरसमज आहे. समजा, ५० टक्के सूट असलेल्या संस्थेला १०,००० रुपये दिले, तर उत्पन्नातून ५,००० वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर सेससह १,०४० रुपयांनी कमी होतो. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम मात्र पूर्ण वजा होते.

जत्रेची वर्गणी, सप्त्याला दिलेलं धान्य, गणपती मंडळाची पावती यांचा हिशेब इथे सहसा बसत नाही. संस्थेकडे ८०जीची नोंदणी हवी. वस्तूरूपाने दिलेलं चालत नाही, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर सूट नाही. चेक किंवा यूपीआयने द्यावं. नुसत्या पावतीवर न थांबता संस्थेकडून ‘फॉर्म १०बीई’ हे प्रमाणपत्र मागून घ्यावं.

२०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर (शेअर-जमीन विक्रीचा नफा वेगळा) नव्या प्रणालीत कर लागत नाही. अशांनी देणगी जरूर द्यावी, पण सुटीसाठी जुन्या प्रणालीत जाण्याचं कारण क्वचितच असतं.

‘रिफंड काढून देतो, टक्का द्या’ म्हणणाऱ्या एजंटापासून सावध. न दिलेली देणगी तो दाखवतो आणि नोटीस मात्र पॅनकार्डवाल्याच्या नावाने येते. खोट्या माहितीने बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, कर आणि व्याज वेगळंच.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय करावं लागतं. हे राहिलं तर वेळेत भरलेलं रिटर्नही उशिराचं धरलं जाऊ शकतं. आधारला जुना, बंद पडलेला मोबाईल नंबर असेल तर तो आधीच बदलून घ्यावा.